सोबत असेल, असे समजून



लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. वल्हांडण सण आटोपून नाझरेथची मंडळी यरुशलेमहून घरी निघाली. बारा वर्षांचा येशू मागे राहिला. तो बरोबरच्या लोकांत असेल असे समजून मरिया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेले. मग नातेवाइकांत शोध, ओळखीच्यांत शोध, पुन्हा यरुशलेमची वाट आणि तीन दिवसांनंतर मंदिरात भेट.

या प्रसंगावर बोलताना आम्ही धर्मगुरू बहुधा शेवटच्या भेटीवर भर देतो. आज त्या पहिल्या दिवसापाशी थोडे थांबू या. त्या दिवशी कोणी कोणावर रागावले नव्हते, रडारड नव्हती, धावाधाव नव्हती. तिघांच्या प्रवासातला तो सर्वात शांत दिवस होता आणि मुलाची सोबत सुटली ती नेमकी त्याच दिवशी.

बारावीनंतर आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत असाच एक शांत दिवस सुरू होतो. मार्चमध्ये परीक्षा संपते, मग सीईटी, निकाल, कट-ऑफ, प्रवेशाच्या फेऱ्या. कॉलेजचा पहिला तास होईपर्यंत पावसाळा अर्धा सरलेला असतो. बालवर्गापासून ज्या मुलाला शाळेच्या घंटेने आणि क्लासच्या वेळांनी बांधून ठेवले, त्याला आयुष्यात प्रथमच वेळापत्रक नसते. सकाळी दहाला उठणे, चहाबरोबर मोबाइल, जेवताना मोबाइल, संध्याकाळी तासभर फुटबॉल, रात्री उशीखाली पुन्हा मोबाइल. आई विचारते, "एवढं काय आहे त्यात?" मूल म्हणते, "काही नाही." बोलणे तिथेच संपते. मूल घरात असते, ताटावर असते, रविवारी मिस्सालाही येते. पालक समजतात, सोबत आहे.

पण "काही नाही" या उत्तरामागे बरेच काही असते. कोणी यूट्यूबवर पाहून गिटारचे कॉर्ड्स शिकत असतो. कोणी मुलगी कोरियन मालिका पाहता पाहता ती लिपी वाचू लागलेली असते. कोणी सणाच्या मिरवणुकीचे व्हिडिओ सुंदर जोडून देतो. कोणी रात्री एक वाजता चार अनोळखी मुलांबरोबर संघ करून खेळत असतो. आणि कोणी, ज्याला अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले, तो नुसताच बोट फिरवत असतो. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात त्याला प्रत्येक जण विचारतो, "किती टक्के? पुढे काय?" मोबाइल मात्र हे विचारत नाही. म्हणून तो तिथे जातो. हे आपण समजून घेतले नाही, तर आपला सगळा उपदेश हवेत जाईल.

मग हा छंद पाप आहे की पुण्य? ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. संत अगस्तीन इसवी सन ४०० च्या सुमारास आपल्या आत्मकथनात सांगतात की, कुत्र्याने सशाचा पाठलाग केलेला पाहायला आता ते खेळांच्या मैदानात जात नाहीत. पण शेतातून जाताना तेच दृश्य दिसले, तर मन तिकडे धावते. घरी बसले असता पाल माशी पकडताना दिसली, तरी चित्त खिळून राहते. सोळाशे वर्षांपूर्वीचे बिशप आणि आजचा रील पाहणारा मुलगा यांचे मन एकच आहे! हे वाचल्यावर 'आजकालची पिढी बिघडली' असे म्हणण्याची घाई आपण करणार नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी पुढचे पाऊल टाकले. जाणून घेण्याची इच्छा ही मनुष्याच्या स्वभावातच आहे आणि ती चांगली आहे, असे ते मानतात. मात्र तिला लगाम हवा. लगाम असलेल्या इच्छेला ते सद्गुण म्हणतात. आपण तिला अभ्यासू वृत्ती म्हणू. वाट चुकलेल्या इच्छेला त्यांनी वेगळे नाव दिले. आपण तिला भटकी उत्सुकता म्हणू. भटकी उत्सुकता ओळखण्याच्या त्यांच्या खुणांपैकी दोन आजही उपयोगी आहेत: जे करणे आपले कर्तव्य आहे, त्यापासून ती आपल्याला दूर नेते, आणि जगातल्या गोष्टी जाणून घेताना परमेश्वराची आठवण ठेवत नाही. फरक मोबाइल हातात असण्या-नसण्याचा नाही. गिटार शिकणारा एक दिवस मोबाइल बाजूला ठेवून वाजवू लागतो. नुसते बोट फिरवणारा तिथेच राहतो.

आणि तो तिथेच राहावा, अशी सोयही केलेली आहे. पूर्वी संगणकावर पान संपले की पुढच्या पानासाठी बटण दाबावे लागे. २००६ साली अझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराने पान कधी संपतच नाही अशी युक्ती शोधली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. जेथे शेवट नाही, तेथे उठण्याची वेळही येत नाही. आपल्या प्रार्थनेकडे पाहा: रोझरीचे मणी संपतात, मिस्सा संपते आणि शेवटी आपल्याला शांतीने जगात पाठवले जाते. जी गोष्ट आपल्याला उठवून कोणाकडे तरी पाठवते, ती चांगली, असे ओळखावे.

याच २००६ सालच्या १२ ऑक्टोबरला इटलीत एक शाळकरी मुलगा रक्ताच्या कर्करोगाने वारला. वय अवघे १५. कार्लो अकुतिस त्याचे नाव. जन्म लंडनचा, वाढला मिलानमध्ये. त्याला संगणकाचे वेड होते. प्लेस्टेशनही खेळायचा, पण आठवड्यातून एकच तास, असे त्याने स्वतःच ठरवले होते. तो रोज मिस्साला जाई. शाळेत ज्यांना इतर मुले त्रास देत, त्यांच्या बाजूने उभा राही आणि रस्त्यावर झोपणाऱ्यांना मदत करी. पवित्र साक्रामेंताशी निगडित जगभरच्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने संकेतस्थळावर मांडली. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केले. असिसीला त्याचे पार्थिव जीन्स आणि खेळाचे बूट घातलेल्या रूपात आहे. त्याने संगणक फेकून दिला नाही. त्याचा तास ठरवला आणि उरलेला वेळ देवाला व माणसांना दिला.

तरुणांनो, एक धोका स्पष्ट सांगतो. पैसे लावून खेळायच्या ॲपमध्ये अडकून घरच्यांपासून कर्ज लपवणारी मुले आहेत. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये असे खेळ बंद करणारा कायदा मंजूर केला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. म्हणजे कायदासुद्धा खेळ आणि खेळ यांत फरक करतो. तुम्हीही करा. आणि कोणी अडकला असेल, तर एकट्याने कुढू नका. घरी सांगा. घरी सांगवत नसेल, तर आमचे दार उघडे आहे.

पालकांनो, मरिया आणि योसेफ यांच्याकडून तीन गोष्टी शिकू या. मूल सोबत नाही हे कळताच ते मागे फिरले; पुढची वाट तशीच रेटली नाही. मूल सापडले ते ऐकत आणि प्रश्न विचारत बसलेले. म्हणजे त्याच्या आवडीच्या जागी. आणि त्याचे उत्तर समजले नाही, तरी मरियेने ते अंतःकरणात जपून ठेवले. पुढे येशू त्यांच्याबरोबर नाझरेथला आला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने वाढला.

या आठवड्यात एवढेच करा. एका संध्याकाळी मुलाजवळ बसा आणि म्हणा, "तू काय पाहतोस, मला दाखव." अर्धा तास पाहा. टक्क्यांचा विषय काढू नका. कदाचित काहीच समजणार नाही, तरी चालेल. नंतर सर्वांचे मोबाइल, तुमचासुद्धा, एका टोपलीत ठेवून रोझरीचा एक दशक एकत्र म्हणा.

हे प्रभो येशू, तुझ्या आईवडिलांनी तुला तीन दिवस शोधले. आमच्या घरातील मुलांना शोधण्याची इच्छा आम्हांला दे आणि शोधणाऱ्यांना सापडण्याची इच्छा आमच्या मुलांना दे. आमेन.

ख्रिस्तात आपले,
प्रमुख धर्मगुरू