एव्हरेस्टचा उतार आणि कॅमेऱ्याची चौकट

६ मे १९७० रोजी युइचिरो मिउरा या जपानी स्कीपटूंनी एव्हरेस्टच्या साउथ कोल या खिंडीखालून, सुमारे आठ हजार मीटर उंचीवरून, शेजारच्या ल्होत्से शिखराच्या उतारावर झेप घेतली. वेग आवरायला पाठीशी पॅराशूट होतं. विरळ हवेत त्याचा फारसा उपयोग झाला नाही. दोन-अडीच मिनिटांच्या त्या थरारात शेवटचे सुमारे चारशे मीटर ते स्कीवर नव्हतेच, गडगडत खाली येत होते. हिमभेगेच्या थोडं अलीकडे ते कसेबसे थांबले. या मोहिमेवरच्या ‘द मॅन हू स्कीड डाउन एव्हरेस्ट’ या १९७५च्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं.

आज तो पाहताना आधी नजरेत भरतो साधनांमधला फरक. तेव्हाच्या स्की लांब, अरुंद आणि जवळजवळ सरळ असत. १९९०च्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने कंबरेत बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद स्की आणली. ती कडेवर कलती केली की भाराने वाकते आणि आपल्याच गोलाईवर वळते. पूर्वी त्याच वळणासाठी वर्षानुवर्षं घाम गाळावा लागे. २००२मध्ये स्कीपटू शेन मॅकॉन्की यांच्या कल्पनेतून आलेली रुंद, टोकं वर उचललेली स्की भुसभुशीत बर्फात रुतेनाशी झाली. सप्टेंबर २०२५मध्ये पोलंडचे आंद्जेय बार्गिएल कृत्रिम प्राणवायूविना एव्हरेस्टच्या माथ्यावर गेले आणि तिथून स्कीवर बेस कॅम्पपर्यंत उतरले. बेस कॅम्पच्या वरच्या खुंबूच्या हिमप्रपातातून वाट काढताना त्यांच्या भावाच्या ड्रोनची मदत झाली. मिउरांच्या घसरगुंडीपासून इथवरची मजल खरोखर थक्क करणारी आहे, तिचं कौतुक हातचं राखून करू नये.

तरीही जुन्या चित्रपटाला आज महत्त्व आहे ते वेगळ्याच कारणाने. त्याच मोहिमेत, मिउरांच्या उडीच्या महिनाभर आधी, खुंबूच्या हिमप्रपातात सहा शेर्पा गाडले गेले. चित्रपट हे मृत्यू लपवत नाही. एका माणसाच्या स्वप्नासाठी इतरांनी जीव गमवावा का, हा प्रश्न प्रेक्षकाचा पिच्छा सोडत नाही. अर्थात तिथेही कथेचा नायक मिउराच आहेत, शेर्पा नाहीत. जुनं ते सगळं सोनं, असा माझा दावा नाही. पण यशासोबत त्याची किंमत दाखवण्याचं धैर्य त्या चित्रपटात आहे.

आता मोबाइलवर मिनिटभराची चित्रफीत पाहायची सवय जडली आहे. तिच्यात उतार असतो, वळणं असतात, विजयी चेहरा असतो. हिमप्रपातात शिड्या आणि दोर लावणारी माणसं बहुधा नसतात. २०१४मध्ये त्याच खुंबूत हिमकडा कोसळून सोळा नेपाळी कामगार मेले. स्की बदलल्या, कॅमेरे बदलले. डोंगर मात्र तितकाच निष्ठुर राहिला आणि त्याच्या तोंडाशी आधी जाणारी माणसंही बव्हंशी तीच राहिली.

म्हणून स्कीइंगची प्रगती केवळ उंची, वेग आणि कौशल्य यांनी मोजणं अपुरं आहे. वाट तयार करणाऱ्यांना विमा, मोबदला आणि निर्णयाचा अधिकार किती मिळतो, हेही त्याच मापात धरायला हवं. चित्रपट काढणाऱ्यांनी ही माणसं श्रेयनामावलीच्या तळाशी न ढकलता कथेत आणावीत. आणि आपण प्रेक्षकांनी, टाळ्या वाजवताना, त्यांची मागणी करावी.