विसण

कृष्णामाई महाबळेश्वराला उगम पावते, कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि पुढं सांगलीला जाते. त्याच वाटेवर एका कुटुंबाची तीन घरं होती. आई कऱ्हाडला. थोरली लेक साताऱ्याला दिलेली, धाकटी सांगलीला.

साताऱ्याची थंडी बोचरी. थोरलीनं पंचवीस लिटरचा गिझर बसवला आणि त्याची तापमानाची कळ शेवटपर्यंत फिरवून ठेवली. पाणी 75 अंशांवर जायचं, मग प्रत्येक जण बादलीत निम्मं विसण घालायचा. एकदा पहाटे तिच्या सासऱ्यांनी गरम नळाखाली पाय धुतले. जुना मधुमेह, तळपायांची जाणीव गेलेली. चटका बसला तो त्यांना कळलाच नाही. दुपारी मोजा काढला तेव्हा घोट्याखाली टपोरा फोड दिसला. ती जखम भरेपर्यंत उन्हाळा उजाडला.

हे ऐकून धाकटीनं धसका घेतला. तिच्या घरात रांगतं मूल. तिनं कळ पार खाली, 40 अंशांवर आणली. पाणी कोमट तर कोमट, पण हाताशी असावं म्हणून बटण दिवसभर चालू. चारजणांच्या अंघोळीत शेवटच्याच्या वाट्याला गारठाच येई.

संक्रांतीला दोघी कऱ्हाडला आल्या. आईनं दोघींचं ऐकून घेतलं. न्हाणीत तांब्याचा बंब अजून जागेवर होता.

"थोरले, निववायचंच होतं तर एवढं कढवलंस कशाला? आणि धाकटे, तू दिवसभर चूल पेटती ठेवतेस, पाणी मात्र शिळं. भीतीनं टोक धरलं तरी ते टोकच गं."

म्हातारीनं कधी तापमापक हातात धरला नव्हता, पण तिचं म्हणणं खरं होतं. 60 अंशांचं पाणी धडधाकट माणसाची कातडी पाचएक सेकंदांत खोलवर भाजतं. 50 अंशांना त्याला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात माणूस हात मागं घेतो. लहान मुलांची आणि वृद्धांची कातडी पातळ, त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. उलट बाजूला, 20 ते 45 अंशांच्या साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात. शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. 50 च्या वर त्यांची वाढ थांबते, 60 ला ते झपाट्यानं मरतात.

विजेचा हिशेबही लक्षात घ्यावा. अंघोळीला पाणी लागतं चाळीसएक अंशांचं. अंघोळी आटोपल्यावर टाकीत जे उरतं, ते जितकं कढत तितकी उष्णता फुकट हवेत जाते. बोअरच्या जड पाण्याचा क्षारही जास्त तापमानाला कॉइलवर लवकर बसतो, मग तेच पाणी तापायला वेळ आणि वीज दोन्ही जास्त लागतात.

दोघींनी घरी जाऊन इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं आधी वीज तोडली, मग झाकण काढून थर्मोस्टॅट फिरवला. पाणी तापल्यावर नळाखाली तापमापक धरून पाहिला आणि पारा 50 ते 55 मध्ये येईपर्यंत कळ जुळवली. धाकटी आता अंघोळीआधी थोडा वेळ बटण लावते आणि पाणी तापलं की बंद करते. थोरलीकडे बादलीत आधी गार पाणी पडतं, गरम त्यावर. आणि सासऱ्यांच्या पाण्यात कुणीतरी आपलं कोपर बुडवून बघतं, कारण त्यांचे पाय आता खरं सांगत नाहीत.

आपल्या गिझरच्या कळीवर आकडे नसतील, नुसती बारीकपासून जाड होत गेलेली रेघ असेल, तर तिच्यावर विसंबू नका. आज सकाळी नळाखाली तापमापक धरा. तापाचा चालणार नाही, तो 42 लाच संपतो. शंभर अंशांपर्यंतचा घ्या. पारा 60 च्या पुढं गेला आणि घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा मधुमेही असेल, तर कळ आजच खाली आणून घ्या.