मानाची पंगत

कवी रॉबर्ट बर्न्स यांचा जन्म २५ जानेवारी १७५९ रोजी स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यातील अ‍ॅलोवे या गावी झाला. त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १८०१ मध्ये, काही स्नेही त्यांच्या जन्मघरी भोजनास जमले आणि तेव्हापासून ‘बर्न्स सपर’चा परिपाठ सुरू झाला. २०२३ च्या जानेवारीत मुलाकडे एअरशरमध्ये असताना अशा एका भोजनास जाण्याचा योग आला. भारतातील निवृत्त शासकीय अधिकारी एवढ्या परिचयावर यजमानांनी मला मानाच्या मेजावर, तेथील प्रोव्होस्टच्या (आपल्याकडील महापौर म्हणावे) शेजारी बसविले. त्यांच्या गळ्यात पदाची साखळी होती. माझ्याजवळ निवृत्तिवेतनाखेरीज अधिकाराची कोणतीच खूण उरलेली नव्हती.

बॅगपाइपच्या सुरांत हॅगिसची मिरवणूक आली. मेंढीचे हृदय, यकृत व फुप्फुसे, ओटचे भरड, चरबी आणि कांदा यांचे हे मूळचे गरिबाघरचे अन्न. ते येताच सारी सभा टाळ्यांच्या ठेक्यात उभी राहिली. प्रोव्होस्टही उभे राहिले. माझ्यासाठी कडधान्यांचा शाकाहारी प्रकार होता. पेला मात्र मी पाण्याचाच उचलला. उभी हयात अबकारी खात्यात काढूनही मद्याची चव ठाऊक नाही, हे ऐकून शेजारी मनमोकळे हसले.

पदापेक्षा माणूस मोठा, असे सांगत उमरावांची टर उडविणारे गीत या कवीने १७९५ मध्ये लिहिले. त्याच्या स्मरणाला मानाचे मेज कशासाठी, हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. १ जुलै १९९९ रोजी स्कॉटिश संसदेच्या उद्घाटनप्रसंगी खुद्द राणी एलिझाबेथ यांच्यासमोर हेच गीत गायिले गेले. यात दांभिकता आहे, असे मी म्हणणार नाही. पदस्थाने आपल्यावरील टीका वर्षातून एकदा तरी निमूटपणे ऐकावी, ही शिस्त चांगलीच. अडचण एवढीच, की दोनशे वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या कवीचे ऐकण्यास काहीच मोल पडत नाही. हयात कवीचे काय?

त्या रात्रीच्या मुख्य भाषणात बर्न्सच्या नोकरीचा उल्लेख आला. १७८९ पासून तेही अबकारी अधिकारी होते. वार्षिक पन्नास पौंडांसाठी आठवड्याला सुमारे दोनशे मैल घोड्यावरून रपेट करीत. (कवीने सरकारी दप्तर सांभाळणे आम्हा ग्वाल्हेरकरांना नवे नाही, आमचे राजकवी भा. रा. तांबे यांनीही संस्थानी नोकऱ्या केल्या.) फ्रेंच राज्यक्रांतीविषयी बर्न्सना वाटणारी सहानुभूती वरिष्ठांच्या कानी गेली आणि १७९२ च्या डिसेंबरात त्यांच्या राजनिष्ठेची चौकशी निघाली. पदरी बायको-मुले. त्यांनी आपल्या हितचिंतक वरिष्ठास काकुळतीचे पत्र लिहून राजनिष्ठेची ग्वाही दिली. नोकरी टिकली.

हे ऐकताना माझा घास अडला. १९९८ मध्ये माझ्या हाताखालील एका लिपिकाने स्थानिक दैनिकात एक उपहासात्मक कविता छापली होती. खात्याचे नाव त्यात नव्हते, पण रोख कळण्याजोगा होता. आचरण नियमांचा आधार घेऊन मी त्याला कारणे दाखवा नोटीस दिली. दोन दिवसांत त्याचा माफीनामा आला. मी ‘नस्तीबद्ध करावे’ असा शेरा मारला आणि स्वतःच्या उदारपणावर संतुष्ट झालो. त्याच हिवाळ्यात एका काव्यसंमेलनाचा मी प्रमुख पाहुणा होतो. माझ्यासाठी कवी तासभर ताटकळले होते.

नियमाने माझी चूक नव्हती, हे आजही म्हणता येईल. बर्न्सची चौकशी करणाऱ्यांनाही ते म्हणता आले असते. त्या चौकशीतील अधिकाऱ्यांची नावे आज कोणाच्या लक्षात नाहीत, यात मला समाधान वाटत नाही. कारण बर्न्सला पुढे कीर्ती मिळाली म्हणून ते पत्र वाचले जाते. माझ्या लिपिकाच्या माफीनाम्याला तसा वाचक लाभणार नाही. तो वाचणारा एकटा मीच होतो, आणि मी तो नीट वाचला नाही.

शेवटी सर्वांनी हात धरून जुन्या मैत्रीचे ते प्रसिद्ध गीत म्हटले. अखेरच्या कडव्याला हात छातीसमोर आडवे करून शेजाऱ्यांचे हात धरायचे असतात. प्रोव्होस्टनी माझा हात धरून मला ते शिकविले.

परतल्यावर चौकशी केली. तो लिपिक निवृत्त होऊन मुरैन्याला असतो. क्षमा मागण्यास जावे, तर तो मला पाहून पुन्हा उभा राहील, ही भीती वाटते. पण ती कविता त्याच्याकडे असेल, तर त्याच्या तोंडून, त्याच्याच घरी बसून ऐकायची आहे. पत्र लिहून ठेवले आहे. ‘माजी अधिकारी’ हे शब्द तेवढे खोडले.