बिनबियांची वेल

ईदच्या शीरखुर्म्यात आमच्या घरी तासगावचाच बेदाणा पडतो. त्यात बी नाही, याचे कोण कौतुक! 2018 साली शास्त्रज्ञांनी यामागचे कारण दाखवले. बीचे कवच घडवताना इतर जनुकांना हुकूम देणारे एक जनुक द्राक्षात असते. त्यातले एक अक्षर बदलले, हुकूम चुकला आणि फळ धरूनही बी कोवळेपणीच खुरटले. रानात अशी वेल निर्वंश झाली असती. माणसाने तिला कलमे करून शतकानुशतके जगवले. सांगलीकडचा तास-ए-गणेश हा वाणही अशाच थॉमसन सीडलेस वेलींतून निवडलेला.

साताऱ्यात वर्गात उर्दूतून हे शिकवताना मला माझी खाला आठवते. तिला मूल झाले नाही. अकीक्याच्या दिवशी बायका तिला मागे बसवत. शीरखुर्मा मात्र तिच्याच हातचा लागे.

वेलीला जी देणगी, तीच बाईला ऐब कशी? अक्षर कसे बदलले, ते विज्ञान सांगेल. त्याला दोष कुणी ठरवले, याचा जाब मात्र आपल्यालाच द्यायचा आहे.