अक्षय भाता

शस्त्र बाळगावे की न बाळगावे, ह्या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ वाद झालेला आहे. परंतु बाळगावयाचे एकदा ठरल्यावर ते कोणत्या घडणीचे असावे, हा त्याहून धाकटा प्रश्न नीतीच्या ग्रंथकारांनी कारागिरांच्या हवाली करून टाकलेला दिसतो. आम्हीही तो तेथेच राहू दिला असता. परंतु गेल्या कार्तिकात जिवतीहून आमच्या पुतण्याचे पत्र आले, आणि ज्या विषयात आमची गती शून्य, त्या विषयात उत्तर देणे आम्हांस भाग पडले.

जिवती हे नाव पुण्यामुंबईकडील वाचकांस अपरिचित असण्याचा संभव आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास माणिकगडाचा जो डोंगराळ पट्टा आहे, त्याच्या माथ्यावरचे हे तालुक्याचे गाव. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेथून तो नांदेडकडे व १९५९ साली चांद्याकडे आला. मूळची वस्ती गोंड व कोलाम ह्यांची. मागाहून मराठवाड्यातील कुटुंबे पोटामागे येऊन येथे स्थिरावली. आमचे थोरले बंधू शिक्षक म्हणून तिकडे गेले आणि निवृत्तीनंतर कापूस व तूर पिकवीत तेथेच राहिले. त्यांच्या पश्चात शेत, बैलजोडी आणि एक रायफल अशी मिळकत पुतण्याकडे आली. ह्यांपैकी रायफल कायदेशीरपणे त्याच्या नावे होण्यास जो काळ लागला, त्यात बैलजोडी म्हातारी झाली.

ही रायफल माउझर पद्धतीची आहे. तिच्या पोटात पाच काडतुसे मावतात. ती वरून, एकामागून एक, अंगठ्याने दाबून बसवावी लागतात. आणि रायफल रिकामी करावयाची झाल्यास बोल्ट मागेपुढे करून तितक्याच वेळा एकेक काडतूस वर आणून बाहेर टाकावे लागते. पुतण्याने विचारले होते ते असे: नागपुरास एक परवानाधारक कारागीर आहे; तो रायफलीचा तळ कापून तेथे काढता-घालता येणारी मॅगझिन बसवून देतो. एक संपली की ती काढावी व खिशातील दुसरी भरलेली चढवावी. दोन पळांचे काम. “काका, बसवू का?” १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे शस्त्रात असा पालट करणे हे परवाना असलेल्याचेच काम आहे, आणि गावच्या वेल्डिंगवाल्याकडे रायफल नेणारा मनुष्य सरळ गुन्ह्यात सापडतो, ह्याची चौकशी त्याने आधीच केली होती. म्हणजे कायद्याचा प्रश्न सुटलेला होता, आणि उरलेला प्रश्न त्याने आमच्याकडे पाठविला होता.

त्याची अडचण खरी होती, हे येथे सांगितले पाहिजे. तूर शेंगेवर आली की रानडुकरांचे कळप उतरतात आणि एका रात्रीत एकराची धूळधाण करतात. शेतकरी मचाणावर जागलीस बसतो, पत्र्याचा डबा वाजवितो, शेकोटी पेटवितो. ज्यास परवडते तो कुंपणास झटका मशीन लावतो. आणि काही करंटे उघड्या तारेत विजेचा प्रवाह सोडून शेजाऱ्याचाही जीव घेतात. डुकरास मारावयाचे तर वनखात्याची परवानगी लागते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने जिवावर बेतल्यास स्वसंरक्षणाची मोकळीक ठेवली आहे, पण पिकाच्या रक्षणास ती लागू नाही. म्हणून बहुतेक रात्री रायफल केवळ आवाजासाठी वाजते. शेजारच्या राजुऱ्याच्या रानात अनेक माणसे मारणारा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये पिंजऱ्यात सापडला, तोपर्यंत त्या बाजूचा मनुष्य अंधार पडल्यावर शेतात जाण्यास धजत नव्हता. अशा मुलखात मचाणावर एकटे बसणाऱ्याने हाती चार गोळ्या अधिक असाव्यात असे म्हटले, तर दिवाणखान्यात बसून त्यास हसणे आम्हांस शोभले नसते.

तरीही आमचे पहिले उत्तर नकाराचे होते, आणि ते आम्ही मोठ्या थाटात लिहिले. आम्ही त्यास खांडववनाची आठवण दिली. अर्जुनास गांडीव धनुष्य व दोन अक्षय भाते मिळाले, ते कोणा अन्यायी राजाशी लढण्यासाठी नव्हेत, तर अग्नीस एक अरण्य खावयाचे होते म्हणून. बाण न संपणाऱ्या त्या भात्यांचा पहिला उपयोग जळत्या रानातून जीव घेऊन पळणाऱ्या पशुपक्ष्यांवर झाला. भात्यास तळ असता, तर कोठेतरी हात थांबला असता, आणि थांबलेल्या हाताच्या मागोमाग कदाचित मनही थांबले असते. त्याच अर्जुनाचे बाण पुढे, द्वारकेतून स्त्रियांस घेऊन निघाला असता, वाटमाऱ्यांसमोर संपले. ज्या दिवशी ते सर्वांत अधिक हवे होते, त्याच दिवशी. कथाकाराने हे दोन प्रसंग निष्कारण लिहिले असतील असे आम्हांस वाटत नाही.

पौराणिक दाखला पुतण्यास पुरणार नाही, म्हणून इतिहासाचाही जोडला. इंग्रज सरकारने १८८८ साली आपल्या सैन्यास ली-मेटफर्ड रायफल दिली, तेव्हा तिची पेटी काढता येण्याजोगी होती. परंतु ती साखळीच्या कडीने रायफलीस जखडलेली असे, आणि पेटीच्या तोंडावर एक आडवी सरकपट्टी होती. ही पट्टी आत ढकलली की पेटीतील काडतुसे बंद, आणि शिपायाने एकेक काडतूस हाताने घालून बार काढावयाचा; पेटी राखून ठेवावयाची ती निकराच्या वेळेसाठी. अधिकाऱ्यांस भय होते ते काडतुसांच्या नासाडीचे, जिवांच्या नव्हे. त्यास नीती म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु हाताशी असलेली विपुलता मनुष्यास उधळा करते, इतके त्या हिशेबी लोकांनी ओळखले होते. पहिल्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, १९१६ च्या सुमारास, ती पट्टी गाळण्यात येऊ लागली. शेवटी आम्ही कॉर्बेटला साक्षीस बोलाविले. त्याची प्रसिद्ध रिग्बी रायफल माउझर पद्धतीचीच होती, आणि १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबळ्या त्याने अंधारात एका गोळीने पाडला. पाच गोळ्यांत जे साधत नाही, ते पंधरांत साधत नसते, असे एक वाक्य शेवटी टाकून आम्ही पत्र बंद केले. ते वाक्य त्या वेळी आम्हांस फार आवडले होते.

पुतण्याचे उत्तर आठ ओळींचे होते. दिवाळीनंतरच्या एका पहाटे जागलीवरून येऊन तो ओसरीत रायफल रिकामी करीत होता. बोटे थंडीने गारठलेली, डोळ्यांवर झोप. तीन काडतुसे निघाली. चौथ्याच्या वेळी बोल्ट पुरता मिटला आणि बोट चापास लागले. गोळी कवेलू फोडून गेली. धाकटी मुलगी अंगणात चुलीशी बसली होती. ही गोष्ट त्याने आपल्या आईस सांगितलेली नाही. शेवटी लिहिले होते: “काका, गोळ्या जास्त हव्यात म्हणून विचारलं नव्हतं. ती घरात आणताना एका झटक्यात रिकामी व्हावी, म्हणून विचारलं.”

हे वाचून आम्हांस लाज वाटली. त्याचे पहिले पत्र पुन्हा काढून पाहिले, तेव्हा त्यात घराचा व मुलीचा उल्लेख खरोखरच होता. आम्ही तो ओलांडून थेट खांडववनात शिरलो होतो. प्राध्यापकी पेशाचा हा दोष आहे. विद्यार्थी शंका विचारतो एक आणि आम्ही व्याख्यान देतो ते ज्याची तयारी झालेली असते त्यावर.

मग आम्ही यंत्राकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. शस्त्राच्या नीतीचा विचार करताना आम्ही ते भरण्याचा विचार केला होता, रिकामे करण्याचा केला नव्हता. वस्तुतः घरात ठेवलेल्या शस्त्राचे आयुष्य बहुतांशी न उडण्यातच जाते, आणि घरच्या माणसांचा संबंध येतो तो त्या आयुष्याशी. जुन्या पद्धतीच्या रायफलीत मोठी गोम अशी की, जे काडतूस बाहेर टाकावयाचे, तेच आधी उडण्याच्या जागेच्या तोंडाशी न्यावे लागते. सावध मनुष्य बोल्ट पुरता न मिटता ते उचलून टाकतो हे खरे. परंतु पहाटे पाच वाजता, रात्रभर जागलेल्या मनुष्याने सावध असावे, ही अपेक्षा करणाऱ्यांनी एकदा मचाणावर बसून पाहावे. ह्या दृष्टीने काढती मॅगझिन पुष्कळ बरी. खिटी दाबली की सारी काडतुसे एकदम हाती येतात.

पण येथेही एक फसगत आहे. मॅगझिन हाती आली की मन म्हणते, रिकामी झाली. आणि नळीच्या मुळाशी आधीच चढलेले एक काडतूस तेथेच राहते. रिकाम्या समजलेल्या बंदुकीने जे अपघात होतात, त्यांचे हे एक ठळक कारण. शिवाय जी पेटी क्षणात निघते, ती क्षणात चढतेही. भरलेली पेटी कोनाड्यात व रायफल खुंटीवर असली, म्हणजे रायफल रिकामी आहे असे म्हणावयाचे ते केवळ शब्दार्थाने. भांडणाच्या, भयाच्या किंवा दारूच्या भरात मनुष्यास पाच काडतुसे अंगठ्याने एकेक दाबून बसवावी लागली, तर त्या अवधीत कोणी हाक मारू शकते, कोणी हात धरू शकते. तो अवधी ह्या सुधारणेने नाहीसा होतो. म्हणजे ह्या एका सोयीत दोन सोयी गुंतलेल्या होत्या, रिकामी करण्याची आणि पुन्हा भरण्याची. पुतण्यास पहिली हवी होती व आम्हांस दुसरीचे भय होते, आणि दोघेही तिला एकाच नावाने हाक मारीत होतो. आमच्या मते आजच्या पुष्कळशा सुधारणांविषयीचे वाद असेच चालतात. परंतु तो विषय निराळा.

ह्या दोहोंची फारकत होण्यासारखी आहे काय, हे आम्ही कारागिरासच विचारावयाचे ठरविले, आणि नागपुरास गेलो असता पुतण्यासह त्याच्या दुकानी गेलो. म्हाताऱ्याने आमचे सारे बोलणे शांतपणे ऐकून घेतले व विचारले, “मग झडप का बसवीत नाही?” शिकारी माउझर रायफलींत ही युक्ती जुनीच आहे म्हणे. तळाच्या पत्र्यास बिजागरी असते. चापाच्या कड्याशी एक कळ असते. ती दाबली की तळ उघडतो आणि काडतुसे नळीत न शिरता खालच्या खाली तळहातावर पडतात. भरणे मात्र पूर्वीप्रमाणेच, वरून, अंगठ्याने, एकेक. ज्या प्रश्नावर आम्ही दोन पत्रे आणि एक महाकाव्य खर्च केले होते, त्याचे उत्तर त्याच्या खणात पुडीत बांधून पडले होते.

पुतण्या लगेच तयार झाला असे नाही. त्याने विचारले की, जखमी डुक्कर उलटले आणि पाचही गोळ्या संपल्या असल्या तर? ह्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, आजही नाही. असा प्रसंग येणारच नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. आम्ही एवढेच म्हणालो की, तो धोका मचाणावर तुझ्या एकट्याच्या वाट्यास येईल, आणि दुसरा ओसरीत चौघांच्या वाट्यास येतो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने रायफल पुढे केली.

संक्रांतीनंतर त्याचे पत्र आले. झडप ठीक चालते. उंबरठ्याबाहेर उभे राहून तो काडतुसे हाती घेतो, मोजतो, आणि मगच आत येतो. आम्ही उलट टपाली विचारले, नळीतल्याचे काय? त्याने कळविले की, नळीत तो आता आधी चढवून ठेवीतच नाही. जनावर दिसल्यावर बोल्ट ओढतो. त्या खटक्याने परवाच्या रात्री कळप सावध होऊन बांधाच्या पलीकडच्या अंगास वळला, आणि तिकडच्या तुरीच्या सहा ओळी गेल्या.