गच्चीला कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, यिर्मया २९:७, रोमकरांस पत्र १४:१३-२१



मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे. वाचता वाचता तो सहज नजरेआड होतो. जो नवे घर बांधील त्याने गच्चीला कठडा बांधावा. नाहीतर कोणी तेथून पडला तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. त्या देशातील घरांची छपरे सपाट असत. लोक तेथे बसत, झोपत, प्रार्थनाही करीत. यापोत पेत्र गच्चीवर प्रार्थनेस गेला होता, हे आपणांस ठाऊक आहे. म्हणजे गच्ची ही वाईट वस्तू नव्हे, आणि देवाने गच्चीला मनाई केली नाही. पण पडणाऱ्याने आपला तोल सांभाळावा, एवढे सांगूनही देव थांबला नाही. त्याने घरधन्याला विचारले, “कठडा कोठे आहे?”

हा प्रश्न मनात ठेवून आज आपण दिल्लीतील एका टेकडीवर जाऊ. दिल्लीच्या उत्तरेकडील रिजवर महापालिकेचे हिंदूराव रुग्णालय आहे. हे नाव आपल्या मराठी माणसाचे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांनी, १८३५ साली विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाल्यानंतर, त्याचा येथील वाडा घेतला. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी त्या वाड्यात ठाणे मांडले, आणि पुढे त्या जागी रुग्णालय आले. जेथे तोफा धडधडल्या तेथे आज जखमा बांधल्या जातात. रुग्णालयासमोरच सम्राट अशोकाचा एक प्राचीन स्तंभ आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो मेरठहून आणविला. आपल्या स्तंभलेखांत अशोक म्हणतो की, आईबाप जसे निर्धास्तपणे आपले लेकरू जाणत्या दाईच्या हाती सोपवितात, तद्वत त्याने प्रजा अधिकाऱ्यांच्या हाती सोपविली आहे. सत्ताधाऱ्याचे काम दाईचे आहे, हे ज्या राजाला सुवार्ता ऐकू आली नव्हती त्यालाही कळले होते.

आता याच शहरात दारूच्या परवान्यांचे काय झाले ते पाहू. दारूवरील कर व परवाने हा आपल्या राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. परंतु दुकान कोणत्या गल्लीत उघडते, जागेचा वापर नियमांत बसतो की नाही, हे पाहणे स्थानिक संस्थेकडे येते. १७ नोव्हेंबर २०२१ रोजी दिल्लीत नवे अबकारी धोरण अमलात आले. सरकारने किरकोळ विक्री सोडून दिली. शहराचे ३२ विभाग पाडून ८४९ दुकाने खाजगी व्यापाऱ्यांकडे देण्याचे ठरले. महापालिकांचे २७२ प्रभाग धरले तर प्रत्येक प्रभागामागे सरासरी तीन दुकाने झाली. दारूबंदीचे दिवस वर्षाला २१ होते, ते तीनवर आणले गेले. पिणाऱ्याचे किमान वय २५ वरून २१ करण्याची घोषणाही झाली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुकानांवर सवलतींच्या पाट्या झळकल्या, रांगा लागल्या, आणि महिनाअखेरीस सरकारला त्या सवलती थांबवाव्या लागल्या. वस्त्यांमधून विरोध झाला. जागावापराच्या नियमांत न बसणाऱ्या काही दुकानांना महापालिकांनी टाळे ठोकले. अखेर ते धोरण मागे घेण्यात आले व १ सप्टेंबर २०२२ पासून जुनी व्यवस्था परत आली. त्या धोरणावरून जे खटले उभे राहिले त्यांचा न्याय करण्याचे हे स्थळ नव्हे. आपला प्रश्न निराळा आहे. एवढ्या साऱ्या गणितात कठड्याचा हिशेब कोणी मांडला होता?

वाचकहो, या बाबतीत पवित्र शास्त्र आपणांस तीन गोष्टी शिकविते.

पहिली गोष्ट, प्रामाणिकपणाची. शास्त्राने द्राक्षारसाला शाप दिलेला नाही. स्तोत्रकर्ता त्याला मनुष्याचे अंतःकरण आनंदित करणारे देवाचे दान म्हणतो, आणि काना गावच्या लग्नात आपल्या प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. हे लपवून आपण दारूविरुद्ध बोलू लागलो तर आपले बोलणे पोकळ ठरेल. परंतु तेच शास्त्र हबक्कूकाच्या मुखाने, शेजाऱ्याला पाजून धुंद करणाऱ्याला “हाय हाय” म्हणते. देवाचा कोप येथे पाजणाऱ्यावर आहे, दुसऱ्याच्या दुर्बलतेवर आपले घर भरणाऱ्यावर आहे. परवाना देणारी सत्ता आणि परवाना घेणारा व्यापारी, दोघांनीही हा अध्याय वाचावा.

दुसरी गोष्ट, महसुलाची. धोरण बदलताना तिजोरीत किती येईल हा आकडा नेहमी पुढे केला जातो. यहूदाने परत आणून टाकलेली ती तीस नाणी आठवा. ती रक्ताचे मोल आहेत, यास्तव भांडारात टाकणे योग्य नाही, असे मुख्य याजकांनीच ठरविले. त्यांचे हात निर्मळ नव्हते. तरी सर्वच पैसा सारखा नसतो, एवढे त्यांनाही समजत होते. जो पैसा अबकारी खात्यात जमेच्या बाजूस दिसतो, त्यातला काही भाग कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात, यकृत सुजून पडलेल्या तरुणाच्या खाटेपाशी आणि रात्री मुलांना कवटाळून दाराबाहेर बसलेल्या मातेच्या डोळ्यांत खर्ची पडलेला असतो. दोन्ही रकाने एकत्र मांडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

तिसरी गोष्ट, कठडा खरा असावा. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीस मनाई केली. तेव्हा काही राज्यांनी महामार्गांचे शहरांतून जाणारे तुकडे स्थानिक संस्थांकडे वर्ग केले, म्हणजे ते महामार्गच उरले नाहीत! कठडा बांधायचा टाळून गच्चीचे नाव बदलण्यासारखाच हा प्रकार होता. उलट, नुसता कडक कायदा म्हणजेही कठडा नव्हे. महाराष्ट्राने २००५ साली डान्स बार बंद केले. हजारो स्त्रियांची रोजी गेली, आणि त्यांचे पुढे काय, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरविली. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक गरीब माणसे मेली. परवाना नसलेल्या दारूचे ते बळी होते. कठड्याचे काम माणसाला वाचविण्याचे आहे. ज्या कठड्यावरून आपण दुर्बलालाच खाली लोटतो, तो देवाने सांगितलेला कठडा नव्हे.

मग आपण काय करावे? या कामी आपणांस दूर शोधावयास नको. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकाने वाढत आहेत हे पाहून १८८० साली त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून हरकत घेतली. जी संस्था लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करते तिने ही दुकाने मुकाट्याने कशी पाहावी, हा त्यांचा सवाल होता. एका सभासदाचे एक पत्र! आज महाराष्ट्रात तर कायद्यानेच वाट करून दिली आहे. गावातील वा प्रभागातील एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतले जाते, आणि निम्म्याहून अधिकांनी “आडवी बाटली” पसंत केल्यास दुकान बंद होते. कित्येक गावांतील बायाबापड्यांनी हे करून दाखविले आहे. त्या रांगेत आपल्या मंडळीच्या किती भगिनी उभ्या होत्या?

यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना लिहिले की, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा व त्याच्यासाठी प्रार्थना करा. आपण दिल्लीत असू, नागपुरात असू वा बडोद्यात, पोटासाठी जेथे गेलो ते नगर आपले आहे. परवाना धोरणावर हरकती व सूचना मागविल्या की ती नोटीस वाचावी. दुकानांची संख्या किती, वेळ कोणती, शाळेपासून व झोपडवस्तीपासून अंतर किती, करातून व्यसनमुक्तीसाठी काय राखून ठेवले, हे सहीनिशी विचारावे. दिल्लीच्या अबकारी नियमांत मोठ्या शाळा, धर्मस्थळे व पन्नास खाटांहून मोठी रुग्णालये यांच्यापासून शंभर मीटर अंतर सांगितले आहे. कायद्याने आपल्या देवळाला शंभर मीटर मान दिला, हे बरे झाले. पण एकशे एकाव्या मीटरवर जो भाऊ पडतो, तोही आपलाच भाऊ आहे.

आणि शेवटी, आपली स्वतःची गच्ची. ख्रिस्ती लग्न म्हटले की दारू वाहणारच, असे शेजारीपाजारी हसत म्हणतात. मंडळीचे सभागृह भाड्याने देताना तेथे एक दिवसाचा दारूचा परवाना कोणी काढतो का, हे किती पंच विचारतात? पौल रोमकरांस लिहितो की, ज्याने भाऊ अडखळतो असे काही न खाणे, न पिणे हेच बरे. त्याला मोकळीक होती. परंतु भावासाठी त्याने ती बाजूस ठेविली. ज्या मांडवात व्यसनातून नुकताच सुटलेला एक तरुण बसला आहे, तेथे यजमानाने पेला न भरणे हाच कठडा होय. तो बांधायला कोणत्याही नगरपालिकेची परवानगी लागत नाही. आणि तो न बांधता आपण नगरपालिकेच्या दारी अर्ज घेऊन गेलो, तर तेथील कारकून आपल्या तोंडाकडे पाहून हसेल, आणि ते योग्यच होईल.

प्रिय वाचकहो, त्या टेकडीवरील रुग्णालयात आणि आपापल्या गावच्या दवाखान्यात आज रात्रीही कोणी पडलेला आणला जाईल. त्याला उचलणारे हात धन्य होत. परंतु तो पडण्यापूर्वी ज्यांनी कठडा बांधला, त्यांचे नाव कोणाला कळणार नाही. ते स्वर्गातील पित्यास ठाऊक असेल.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमच्या नगरांच्या अधिकाऱ्यांना दाईचे हृदय दे. जे मुके आहेत त्यांच्यासाठी बोलण्यास आमचे तोंड उघड. आमच्या घरांवर कोणाच्या रक्ताचा दोष राहू देऊ नकोस. आणि जो आज काठावर उभा आहे त्याला तुझ्या पुत्राच्या हातांनी सावर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.