किल्ली कुठंय?

दसऱ्याच्या सकाळी माहूर गडावर रेणुकामातेचं दर्शन घेतलं, तांबुलाचा प्रसाद तोंडात टाकला आणि उतरून ओळखीच्या एका काकांकडं गेलो. त्यांचं शेत पैनगंगेच्या अंगाला, जंगलाला लागून. रानडुकरं एका रात्रीत भुईमुगाची वाट लावतात, म्हणून वडिलांच्या वेळेपासून घरात परवान्याची बारा बोरची दुनळी आहे. एरवी ती कपाटात, दसऱ्याला पाटावर. विळा, कुऱ्हाड, वखराची पास आणि शेजारी बंदूक. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. पूजेआधी काकांनी नळी उघडली आणि आत काडतूस नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग कौतुकानं म्हणाले, "कपाटाला नवीन कुलूप आणलंय बघ." कुलूप खरंच दणकट होतं. "किल्ली कुठं ठेवता?" मी सहज विचारलं. काका बोलायच्या आत सात वर्षांच्या नातीनं देवघराकडं बोट केलं. "देवीच्या फोटोमागं!"

सगळे हसले. काकाही हसले, पण जरा ओशाळून. खरं तर यात त्यांचं एकट्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्या सगळ्यांच्याच किल्ल्या अशा जगजाहीर जागी असतात. दाराच्या चौकटीवर, तुळशीच्या कोनाड्यात, दुधाच्या रिकाम्या डब्यात. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत १८९७ साली कुलपं बनवायला घेतली. तेव्हापासून आपल्याकडं कुलूप एकाहून एक चांगलं मिळतं. किल्लीची जागा मात्र आजीच्या वेळची तीच राहिली. कुलूप निवडताना आपण वजन बघतो, कंपनी बघतो. ते ज्या कडीकोयंड्यात अडकणार, त्याच्याकडं कोण बघतं? कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील, तर चोराला कुलपाला हात लावायचीही गरज नाही. पेचकस पुरतो. बंदुकीसाठी म्हणून वेगळी कुलपंही असतात. चापाचं कुलूप दोन्ही बाजूंनी चापावर घट्ट बसतं. ते लावताना बंदूक रिकामीच हवी, नाहीतर कुलूपच चाप ओढायचं. तारेचं कुलूप उघडलेल्या नळीतून ओवलं की दुनळी मिटतच नाही. रायफल असेल तर बोल्ट काढून दुसऱ्या कुलपात ठेवता येतो. जुन्या ठासणीच्या बंदुकीला ही तार ओवायला जागाच नसते, तिच्या टोप्या आणि दारू वेगळी ठेवायची. यातलं काहीही निवडा, पण त्याच्या जोडीला भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट हवंच. काडतुसं निराळ्या कप्प्यात, निराळ्या किल्लीखाली. आकडे जुळवायचं कुलूप घेतलंत, तर कृपा करून नातवाची जन्मतारीख लावू नका. नातवाला ती पाठ असते.

पूजेच्या पाटावर आपट्याची पानं होती, बाजूला शमीची एक डहाळी. ती बघून पांडव आठवले. अज्ञातवासाला निघताना त्यांनी शस्त्रं शमीवर ठेवली, एवढं आपण दर दसऱ्याला ऐकतो. ती कशी ठेवली, हे ऐकण्यासारखं आहे. आधी प्रत्येकानं आपल्या धनुष्याची दोरी उतरवली. म्हणजे हत्यार रिकामं केलं. मग नकुल झाडावर चढला आणि सहज हात पोचणार नाही अशा ठिकाणी ती बांधली. झाडही निवडलं ते स्मशानाजवळचं, वाटेपासून लांबचं. वर एक प्रेत बांधलं, म्हणजे वासानं कुणी जवळ फिरकू नये. गुराख्यांनी विचारलं, तर सांगितलं, ही आमची एकशेऐंशी वर्षांची आई, आमच्या कुळाची रीतच अशी आहे. कुलूप म्हणाल तर एकही नाही. पण दोरी उतरलेली, जागा उंच आणि माहिती फक्त घरातल्या सहा जणांना. वर्षभरानं अर्जुन परत आला तेव्हा गांडीव जागेवर होतं. आपल्या सरकारलाही ही काळजी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना मागणाऱ्याला हत्यार घरी सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला. किल्लीची जागा त्याहून लवकर बदलावी, हे आपलं माझं मत. आणि बंदूक नसली म्हणून तुम्ही यातून सुटलात असंही नाही. फवारणीचं औषध, काकूंच्या बीपीच्या गोळ्या, मोटरसायकलची किल्ली, या सगळ्यांची जागा लहान मुलांना आपल्याआधी ठाऊक असते.

दिवाळीत पुन्हा जाणं झालं. फराळाची ताटली हातात देता देता नात तक्रारीच्या सुरात म्हणाली, "आता किल्ली देवीच्या फोटोमागं नसते." काकांनी सदरा जरासा वर केला. कमरेच्या करगोट्याला किल्ली बांधलेली. "अंघोळीलासुद्धा सोडत नाही," काका म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "लोक तिजोरीची बांधतात, हे बंदुकीची बांधून फिरतात!" मी चिवडा खात विचारलं, "काका, नवीन कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या असतील ना?" काकांचा हात करगोट्यावरच थांबला. चहा तसाच ठेवून ते उठले आणि स्वयंपाकघरातल्या फडताळाकडं निघाले.